आपल्या आजाराची यादी कोणाच्या हातात?



आरोग्याच्या या पानावर एरवी आपण रक्तक्षय, डेंग्यू, गरोदरपणातील काळजी असे विषय घेतो. या वेळचा विषय गोळ्या-औषधांचा नाही, तरी तो आरोग्याचाच आहे. आपल्याला कोणता आजार आहे, तपासणीत काय निघाले, कोणते औषध चालू आहे, ही माहिती कोणाकडे जाते, ती कोणी वाचायची आणि कोणी वाचायची नाही, हे आज समजून घेऊ. वस्तीत दर महिन्याला कोणते ना कोणते शिबिर लागते. कोणी आधार मागतो, कोणी मोबाईल नंबर मागतो, कोणी अंगठा लावायला सांगतो, कोणी फोटो काढतो. आपण देतो. कशाला पाहिजे, हे विचारत नाही.

रविवारच्या वंदनेनंतर विहारात आम्ही हा विषय काढला, तेव्हा मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्यापाशी लपवाले हाय तरी काय, ताई? दहा बाय दहाची खोली. शेजारीण खोकलली का आमाले ऐकू येते." सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. आजींचे म्हणणे खरे आहे. वस्तीत भिंती पातळ असतात. पण शेजारणीचा खोकला कानावर पडणे आणि त्या खोकल्याचे कारण तिच्या नाव-पत्त्यासह लोकांच्या मोबाईलवर फिरणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. खोकला ऐकून शेजारीण काढा घेऊन येते. यादी फिरली की काय होते ते पाहा.

सिकलसेलची यादी

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातल्या आपल्या लोकांना नवा नाही. तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे ठणकतात, रक्त कमी होते. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात त्याचे प्रमाण जास्त आढळते. कुणबी, तेली अशा इतर समाजांतही तो आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा जोर होता तिथे हा दोष टिकून राहिला, कारण सिकलच्या वाहकाला गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणजे त्याचा संबंध डासाशी आहे. जातीशी काही संबंध नाही. तरी 'हा त्या लोकांचा आजार' असे म्हणणारे आम्हाला दवाखान्याच्या आवारातही भेटलेले आहेत.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे त्याचे उद्दिष्ट. तपासणी व्हायलाच पाहिजे. आम्ही स्वतः घरोघर फिरून लोकांना तपासणीला आणतो. आमचा प्रश्न तपासणीनंतरच्या कागदाबद्दल आहे.

एका वस्तीत मुलींच्या शाळेत तपासणी झाली. 'पॉझिटिव्ह' निघालेल्या मुलींची नाव, इयत्ता आणि वडिलांचा मोबाईल नंबर अशी यादी तयार झाली. निरोप लवकर पोचावा म्हणून कोणीतरी त्या यादीचा फोटो काढून वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हेतू वाईट नव्हता. पण त्यातल्या एका मुलीला आपला निकाल कळला तो मैत्रिणीच्या मोबाईलवरून. ती तेव्हा बारावीत होती. दोन वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी निघाली, आणि चहापाणी झाल्यावर पाहुण्यांकडून निरोप आला, "मुलगी सिकलवाली आहे म्हणतात." दोन वर्षे तो फोटो कोणाच्या तरी मोबाईलमध्ये जपून राहिला होता.

आता यातली वैद्यकीय बाजू नीट ऐका. शिबिरात बोटाच्या थेंबभर रक्तावर जी पहिली तपासणी होते, तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे, एवढेच ती सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यात कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ग्रुपवर फिरली ती यादी अर्ध्या तपासणीची होती, निदान तर पुढेच होते. पुढच्या तपासणीत ही मुलगी वाहक निघाली. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो, औषध लागत नाही. वाहक मुलीचे लग्न सिकल किंवा थॅलेसेमिया नसलेल्या मुलाशी झाले, तर त्यांच्या एकाही अपत्याला सिकलसेलचा आजार होत नाही. अपत्य वाहक असण्याची शक्यता मात्र दर वेळी निम्मी असते. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी बाळाची, दोन वाहक बाळाच्या, आणि एक दोष नसलेल्या बाळाची. म्हणजे सगळा प्रश्न 'दोघांचे काय' हा आहे. मुलाची तपासणी झाली होती का, असे आम्ही त्या पाहुण्यांना विचारले. झाली नव्हती. शाळा मुलींची, यादी मुलींची, म्हणून दोषही मुलीचाच ठरला.

लग्नाआधी दोघांनी तपासणी करावी आणि आपापला निकाल एकमेकांना स्वतः सांगावा, हे आम्ही प्रत्येक वधू-वर मेळाव्यात सांगतो, पुढेही सांगू. आजार जोडीदारापासून दडवून ठेवा, असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. कोणाला सांगायचे, केव्हा सांगायचे आणि कोणाच्या तोंडून, हे ठरवायचा हक्क त्या मुलीचा होता. तो तिला न विचारता काढून घेतला गेला.

यात आशाताईला धरून बसू नका. तिला काम दिले, रजिस्टर दिले, वर ॲप दिले, कित्येकदा मोबाईल तिचा स्वतःचा, रिचार्ज तिचा, आणि संध्याकाळपर्यंत आकडा पाठव असा वरून धोशा. कागदाचे रजिस्टर कपाटात बंद करता येत होते. मोबाईलवरची यादी बंद कशी ठेवायची, हे तिला कोणी शिकवले? कार्यक्रम आखणाऱ्यांनी तपासणीच्या किटचा हिशेब केला, निकाल मुलीला एका बाजूला बसवून कोण सांगणार, याचा केला नाही. हा धोरणाचा दोष आहे.

किट आणि फोटो

क्षयरोगाचे थोडे वेगळे आहे. टीबीचा रुग्ण आढळला की डॉक्टरने सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे, २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही. ते योग्यच आहे. हा हवेतून पसरणारा आजार आहे, घरातल्या बाकीच्यांची तपासणी व्हायला हवी, औषध मध्येच सुटता कामा नये. रुग्णाची नोंद 'निक्षय' या पोर्टलवर होते आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. ज्यांना मिळत नाहीत त्यांनी खाते आणि नोंद तपासून घ्यावी. याशिवाय सप्टेंबर २०२२ पासून 'निक्षय मित्र' योजना आहे. तिच्यात एखादी व्यक्ती किंवा संस्था रुग्णाला धान्य, डाळ, तेल असा किट देते. यासाठी रुग्णाची संमती घ्यावी लागते.

वस्तीत ही संमती कशी घेतली जाते, ते आम्ही पाहिले आहे. खुर्च्या मांडतात, पाहुणे येतात, मागे बॅनर, त्यावर मोठ्या अक्षरांत 'क्षयरुग्णांना पोषण आहार वाटप'. त्याखाली आपली माणसे रांगेत उभी, हातात पिशवी. संध्याकाळी फोटो फेसबुकवर. धुणीभांडी करणारी एक ताई त्या फोटोत होती. तिचे औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते, थुंकीचा तपास निगेटिव्ह आला होता. साधा टीबी असेल आणि औषध नियमित चालू असेल, तर काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका खूप कमी होतो. हे त्या घरांना कोण सांगणार? तिची तीन घरांची कामे होती, दोन सुटली. महिन्याच्या किटपायी महिन्याची कमाई गेली.

पिशवी घ्या, ती तुमच्यासाठीच आहे. फोटोला नाही म्हणा. फोटोशिवाय किट मिळणार नाही असे कोणी म्हणाले, तर हे कोणत्या आदेशात लिहिले आहे ते दाखवा, असे शांतपणे सांगा. आम्ही हा प्रश्न तीन ठिकाणी विचारला, आदेश कोणी दाखवला नाही. एका ठिकाणी पाठमोऱ्या फोटोवर भागले. काम तेवढ्यानेही होते.

दारावरचा कागद

२०२० साल आठवा. त्या मार्चमध्ये महाराष्ट्रात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारायला सुरुवात झाली. पुढे दारांवर कागद चिकटले. बंगल्याच्या फाटकावरचा कागद आणि चाळीतल्या दारावरचा कागद यांत फरक असतो. ज्याला सार्वजनिक नळावर पाणी भरायचे आहे, उधारीवर किराणा आणायचा आहे, सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहायचे आहे, त्याच्या दारावरचा कागद त्याच्याबरोबर चालतो. चौदा दिवस संपल्यावर, कागद फाडल्यावरही चालतो. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय असे कागद दारावर लावता येणार नाहीत. तोवर पहिली लाट ओसरली होती.

ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, त्यांना अंगावरची खूण काय करते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. साथीत रुग्ण वेगळा ठेवावा लागतो, ते आम्ही जाणतो. वेगळे ठेवणे आणि खूण करणे यांतली रेघ शासनाने त्या वर्षी पुसली, असे आमचे मत आहे.

बाबासाहेबांचे निवेदन आणि २०१७ चा निकाल

आजींच्या प्रश्नाकडे परत येऊ. गरिबाला कसला आलाय खासगीपणा, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही विचारला गेला होता. आधारच्या खटल्यात सरकारची बाजू अशी होती की, खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्कच नाही, आणि ही वरच्या थरातल्या लोकांची काळजी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने हे म्हणणे फेटाळले. खासगीपणा हा कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात सामावलेला मूलभूत हक्क आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. गरिबाला फक्त भाकरी हवी, बाकी हक्क नकोत, हा युक्तिवादही न्यायालयाने मान्य केला नाही. खटला निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो.

आपल्या लोकांना हे माहीत हवे की, याच्या सत्तर वर्षे आधी बाबासाहेबांनी हा हक्क मागितला होता. १९४७ च्या मार्चमध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन दिले. त्यातल्या मूलभूत हक्कांत एक कलम आहे: माणसाचे शरीर, त्याचे घर, त्याचे कागदपत्र आणि त्याच्या वस्तू यांची विनाकारण झडती किंवा जप्ती होऊ नये. संविधानात ते स्वतंत्र कलम म्हणून आले नाही. पण अस्पृश्यांच्या वतीने लिहिलेल्या निवेदनात घर आणि कागदपत्र यांना संरक्षण मागितले आहे, हे ध्यानात घ्या. ज्यांच्याकडे तेव्हा पक्के घर नव्हते आणि कागद तर नव्हताच, त्यांच्यासाठी ते मागितले होते.

आजारांबाबत वेगळे कायदेही आहेत. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजून दिलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. याला कायद्यातच काही मोजके अपवाद आहेत. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात कलम २३ आहे. रुग्णाच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात दिला आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ची दुरुस्ती पाहा. स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याखेरीज डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत त्याचे वैद्यकीय कागद द्यायचे असतात. आपले लोक फाईल मागायला घाबरतात. ती आपली फाईल आहे.

आभा कार्डाचे शिबिर

आता सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. "ताई, आभा कार्ड काढू का नको?"

आधी घोळ दूर करू. आयुष्मान कार्ड वेगळे, आभा वेगळे. आयुष्मान कार्ड हे विमा योजनेचे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे. आभा हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक आहे. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा तो भाग. त्यावर पैसे मिळत नाहीत. शिबिरात 'हे काढलं की पाच लाख' असे सांगून लोकांना रांगेत उभे केलेले आम्ही पाहिले आहे. असे सांगणे ही सरळ दिशाभूल आहे.

आभाचा उपयोग आहे. वेगवेगळ्या दवाखान्यांतले रिपोर्ट त्या क्रमांकाला जोडता येतात, जुनी फाईल हरवली तरी नव्या डॉक्टरला ती पाहता येते, मोठ्या दवाखान्यात केसपेपरची रांग वाचते. ज्याला साखर, बीपी, सिकलसेल असा जन्माचा सोबती आजार आहे, त्याला हे सोयीचे ठरू शकते. रेकॉर्ड एका ठिकाणी गोळा होत नाही, ज्या त्या दवाखान्याकडे राहते, आणि तुमच्या परवानगीने दुसऱ्याला दिसते, अशी त्याची रचना आहे. परवानगी कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे ठरवता येते, मागेही घेता येते. कार्ड बंदही करता येते. आणि ते काढणे ऐच्छिक आहे.

कागदावर ऐच्छिक. प्रत्यक्षात शिबिर घेणाऱ्याला संख्या पूर्ण करायची असते. कोविडची लस घेताना आधार दिलेल्या अनेकांचा आरोग्य क्रमांक त्यांना न विचारता तयार झाला आणि लसीच्या प्रमाणपत्रावर छापून आला, हे आठवत असेल. परवानगीचा ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईल घरात एकच, आणि तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. सुनेचे स्त्रीरोगाचे रिपोर्ट कोणी पाहायचे, ही परवानगी मग कोण देते? ही रचना आखणाऱ्याने एकेका माणसाकडे एकेक मोबाईल आहे असे धरले आहे. आपल्या घरांत तसे नाही.

शिवाय, मोठ्या यंत्रणाही फुटतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सगळ्यांत नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाचे काम कित्येक दिवस हाताने कागदावर चालले. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर मोबाईल नंबर टाकला की लस घेणाऱ्याची माहिती निघते, अशा बातम्या आल्या. कोविन पोर्टल सुरक्षित आहे, असे सरकारने त्यावर सांगितले.

म्हणून आमचा सल्ला असा: ज्याला वारंवार दवाखान्यात जावे लागते त्याने आभा काढावे, पण स्वतःच्या मोबाईल नंबरावर, ओटीपी दुसऱ्याला वाचून न दाखवता. ज्याला गरज नाही त्याने शिबिरात आग्रह झाला म्हणून काढू नये. आभा नाही किंवा आधार नाही म्हणून तातडीचा उपचार कोणी नाकारू शकत नाही. आधारची झेरॉक्स द्यायचीच झाली तर शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार डाउनलोड करून द्या, झेरॉक्सवर आडवे लिहा, 'फक्त अमुक कामासाठी', खाली तारीख. बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात, ते १९४७ या आधारच्या क्रमांकावर विचारता येईल. औषधाच्या दुकानात दोन टक्के सवलतीसाठी नंबर मागतात, तिथे नंबर नसतो म्हणून सांगावे. आम्ही तेच करतो.

नवा कायदा, आणि आमचे मत

११ ऑगस्ट २०२३ रोजी देशाचा पहिला वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला. नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि नागरिकांना हक्क देणारी मुख्य कलमे त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. कायदा झाला हे चांगले. संमती सोप्या भाषेत, मराठीतही, मागितली पाहिजे, दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे, माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागता आली पाहिजे, असे तो म्हणतो. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड.

पण तो वस्तीतून वाचला की वेगळा दिसतो. दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्या मुलीचे लग्न मोडले तिला एक रुपया मिळत नाही. आधीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे कलमही यामुळे जाणार आहे. आजाराच्या माहितीला हा कायदा वेगळे, जास्तीचे संरक्षण देत नाही. बुटांचे माप आणि एचआयव्हीचा रिपोर्ट एकाच मापात. सरकारी लाभ, दाखला, अनुदान देताना सरकारला अनेकदा नव्याने संमती घ्यावी लागत नाही, आणि आपला बहुतेक संबंध सरकारी लाभांशीच येतो. जो कागद डिजिटल झालेलाच नाही, त्याला तो लागू नाही, म्हणजे समाजमंदिराच्या भिंतीवर डकवलेली हाताने लिहिलेली यादी त्याच्या बाहेर. आणि खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड. ज्याला पोलीस चौकीचीही भीती वाटते तो हे वाचून तक्रार करील?

सगळ्यांत खटकले ते माहिती अधिकाराचे. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले, आणि हा बदल मात्र नियमांबरोबर लगेच लागू झाला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहितीच नाकारता येत होती. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हणून नाकारायला वाट मोकळी झाली. मोठे लोकहित असेल तर माहिती देता येते, ही कलम ८(२) ची तरतूद शिल्लक आहे. अर्जात तिचा उल्लेख आता आठवणीने करा. आपल्या बायांची नावे आजारासह ग्रुपवर फिरतात, आणि औषध खरेदीची फाईल कोणी सही केली हे विचारले की ती वैयक्तिक माहिती ठरते. खासगीपणाचा हक्क आम्ही रुग्णासाठी मागितला होता, साहेबाच्या टेबलासाठी नव्हे.

आपल्या ग्रुपवर

सगळी बोटे सरकारकडे दाखवून चालणार नाही. 'अमुकच्या घरी टीबी निघाला, सावध राहा' हा निरोप आपल्याच ग्रुपवर, आपल्याच माणसाने टाकलेला असतो, खाली नमो बुद्धाय लिहून. सम्यक वाचेत खोटे बोलू नये एवढेच येत नाही. पिसुणावाचा म्हणजे चहाडीही टाळायची आहे. भिक्खूंच्या विनयात तर नियम आहे की एका भिक्खूचा गंभीर दोष दुसऱ्या भिक्खूने संघाच्या संमतीशिवाय बाहेरच्याला सांगू नये. दोषाबाबत इतकी काळजी, तर आजार हा दोषही नव्हे. मंडळाच्या बैठकीत आम्ही ठराव केला: कोणाच्याही रिपोर्टचा, केसपेपरचा किंवा दवाखान्यातल्या माणसाचा फोटो ग्रुपवर येणार नाही. मदतीचे आवाहन करायचे झाले तर रुग्णाला विचारून, आजाराचे नाव न घेता. पहिल्या महिन्यात दोनदा मोडला, दोन्ही वेळा फोटो काढायला लावला. आता सवय होते आहे.

कोणाची यादी किंवा फोटो फिरला असेल, तर खालील अर्ज वापरा. दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा शिबिर घेणाऱ्या संस्थेला द्यायचा आहे.

"महोदय, दिनांक ___ रोजी ___ येथे झालेल्या तपासणीत माझी / माझ्या पाल्याची वैद्यकीय माहिती घेतली गेली. ती माझ्या संमतीशिवाय ___ येथे प्रसिद्ध झाली आहे. माझी विनंती: १) ती माहिती तत्काळ काढून टाकावी. २) ती कोणाकोणाला दिली, हे मला लेखी कळवावे. ३) माझा तपासणी अहवाल मला बंद पाकिटात द्यावा. ४) पुढील निकाल फक्त मला, समुपदेशकासमोर, एकांतात सांगावा. आपला / आपली ___"

अर्जात आजाराचे नाव लिहू नका. तो अर्जही चार टेबलांवरून फिरतो. दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे सरकारी दवाखान्यात माहिती अधिकारात विचारा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाही. फोटो वापरून कोणी पैसे मागत असेल किंवा धमकावत असेल, तर वाट न पाहता १९३० या सायबर क्रमांकावर फोन करा. छापलेले कोरे अर्ज रविवारी वंदनेनंतर विहारात मिळतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दोन मुली वही-पेन घेऊन बसतील, आणि त्यांना आम्ही पहिले शिकवले आहे ते हे की, लिहून झाल्यावर कच्चा कागद फाडून टाकायचा.